गाडीच्या ऑइलची वही

१६ जून २०२४ । १,१२,४०० किमी

आज इंजिन ऑइल बदललं. जुनं सगळं भंगारवाल्याच्या डब्यात न ओतता त्यातलं साधारण शंभर मिली बाटलीत भरून ठेवलं.

नाशिकच्या अंबडला कंपनीत मेंटेनन्स माझ्याकडे आहे. कॉम्प्रेसरचं आणि हायड्रॉलिक पॉवरपॅकचं ऑइल दर सहा महिन्यांनी लॅबला जातं, रिपोर्टवर सही माझी असते. कंपनीच्या मशिनचे एवढे लाड, आणि घरचे सहा जण ज्या गाडीत बसून कसारा घाट उतरतात ती 'आवाज बरा आहे' यावर चाललेली. हे बरेच दिवस डाचत होतं. म्हणून ही वही.

गाडी २०१६ ची, सात सीटर, दीड लिटरचं टर्बो डिझेल, बीएस-४. तेल १५डब्ल्यू-४० ग्रेडचं, सीआय-४ प्लस दर्जाचं. मागचं तेल गेल्या ऑक्टोबरात १,०४,६०० ला घातलेलं, म्हणजे ७,८०० किमी चाललं. मध्ये अर्धा लिटर वरून टाकलं होतं.

सॅम्पल घ्यायची रीत कंपनीतलीच. गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली, कारण थंड इंजिनात जड कण चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) तळाशी बसलेले असतात. नट काढल्यावर पहिली धार सोडून दिली, शेवटचीही घेतली नाही. मधल्या धारेखाली बाटली धरली. अण्णा शेजारी उकिडवे बसून बघत होते. अण्णांची बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यांनी दोन बोटांत तेल चोळलं, वास घेतला आणि निकाल दिला, "अजून हजारभर चाललं असतं. डिझेल उतरलेलं नाही."

"ते लॅब सांगेल."

"मग मी काय सांगितलं आत्ता?"

१८ जून

कुरिअरवाला तेल घ्यायला तयार नाही. शेवटी कंपनीच्या सॅम्पलांसोबत पाठवलं, पैसे माझे. नव्या डब्यातलं कोरं तेलही दुसऱ्या बाटलीत दिलं. एका चाचणीचे १,४०० आणि वर जीएसटी, म्हणजे १,६५२. दोन बाटल्यांचे ३,३०४.

अण्णांचा हिशेब: तेलाचा डबा आणि फिल्टर मिळून २,१०० ला येतात. "तेल तपासायला तेलापेक्षा जास्त पैसे. आणि त्यात एक बाटली कोऱ्या तेलाची!" यावर माझ्याकडे आज तरी उत्तर नाही. कोरं तेल मात्र तपासायलाच हवं. आधी काय होतं ते ठाऊक नसेल तर किती उरलं हे कळणार कसं?

२६ जून

रिपोर्ट आला. कोरं तेल: १०० अंशांना विस्कॉसिटी (दाटपणा) १४.६ सेंटीस्टोक, टीबीएन १०.८, लोह १, सिलिकॉन ५.

आपलं तेल: विस्कॉसिटी १३.७. ४० ग्रेडची हद्द १२.५ ते १६.३, तेव्हा आतच आहे. डिझेल मिसळलं तर तेल पातळ होतं, काजळी वाढली तर जाड. इथे दोन्ही नाही, काजळी ०.९ टक्के. टीबीएन ६.१. जळणातून आम्ल तयार होतं, ते मारायला तेलात क्षार घातलेला असतो, तो किती शिल्लक आहे याचा हा आकडा. निम्म्यावर आला की तेल काढायचं, असा आमच्याकडचा ठोकताळा. २०२० पासून डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर (दहा लाखांत दहा भाग) आलंय, त्यामुळे हा क्षार पूर्वीसारखा भराभर संपत नाही.

धातू, म्हणजे इंजिनाच्या झिजेचे कण, पीपीएममध्ये: लोह ३१, अ‍ॅल्युमिनियम ५, तांबं ६, शिसं २, क्रोमियम १. सिलिकॉन ३४. सोडियम ४.

आणि खाली लाल अक्षरात: पाणी आढळले. लक्ष ठेवा.

अण्णांचा चेहरा उतरला. तेलात पाणी म्हणजे त्यांच्या भाषेत हेड गॅस्केट (इंजिनात तेल आणि कूलंटचं पाणी वेगळं ठेवणारी पट्टी) गेलं, आणि हेड गॅस्केट म्हणजे इंजिन उतरवणं. "बोटांना लागलं कसं नाही मला?" हे त्यांनी तीनदा विचारलं. मला नाही, स्वतःलाच.

२७ जून

रात्री नीट विचार केला. कूलंटमधून पाणी आलं असतं तर एकटं आलं नसतं. कूलंटच्या रसायनांतलं सोडियम किंवा पोटॅशियम सोबत आलं असतं. इथे दोन्ही कोऱ्या तेलाइतकेच. रेडिएटरची पातळी हलत नाही. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरा थर नाही. (पावसाळ्यात गाडी नुसती कॉलेज रोडपर्यंतच फिरवली तर तो थर गॅस्केट धड असतानाही दिसतो, ते वेगळं.)

मग पाणी आलं कुठून? बाटलीतून. पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली मी घेतली होती, विसळून, उलटी ठेवून. 'कोरडी' झालीय असं समजून.

३० जून

काढलेलं तेल अजून डब्यात बंद होतं. गच्चीवर शेगडी पेटवली, तवा तापवला. साधारण दीडशे-एकशेसाठ अंशांवर तेलाचा थेंब टाकायचा. तेलात पाणी असेल तर ते वाफ होऊन तडतडतं, फोडणीत ओली मोहरी पडावी तसं. आधी मुद्दाम कोऱ्या तेलात एक थेंब पाणी घोटून बघितलं. चांगलंच तडतडलं. मग डब्यातलं जुनं तेल हलवून टाकलं. पसरलं, धुरकटलं, गप्प. तीनदा टाकलं, तीनदा गप्प.

म्हणजे माझीच चूक. अण्णा इतके खूश झाले की रागवायचं राहून गेलं. बायकोचं म्हणणं एवढंच, की तो तवा आता स्वयंपाकघरात परत येणार नाही.

यापुढे लॅबच्याच सीलबंद बाटल्या.

७ जुलै

सिलिकॉन ३४ चं काय? सिलिकॉन म्हणजे माती, हे पहिलं धडधडीत उत्तर. पण नाशिकची माती काय, कुठलीही माती काय, तिच्यात सिलिकासोबत अ‍ॅल्युमिनाही असतोच. धूळ आत गेली तर दोन्ही मिळून वाढायला हवेत, आणि धुळीने घासून लोहही. अ‍ॅल्युमिनियम ५ आहे, लोह हजार किलोमीटरला चार. सिलिकॉन एकटंच वर गेलंय.

अण्णांना विचारलं, मागच्या तेलाच्या वेळी आणखी काही काम केलं होतं का. लगेच म्हणाले, "चेंबर नव्हतं का उतरवलं? पाझरत होतं. सिलिकॉन पेस्ट लावून बसवलं ना."

तेच. पेस्टमधलं सिलिकॉन काही महिने तेलात उतरत राहतं. इंजिनाला त्याचा त्रास नाही, रिपोर्टला आहे. हे लॅबला कळणार नव्हतं, वहीत नव्हतं, फक्त अण्णांना आठवत होतं. आजपासून गाडीला हात लागला की वहीत ओळ पडणार, मग ती हवा भरण्याची का असेना.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

गाडी धुतली, झेंडू, पूजा. नवरात्रात वणीला जाऊन आलो. नांदुरीचा घाट सेकंड-थर्डमध्ये, माणसं सात. टेम्परेचर काटा हलला नाही.

१७ नोव्हेंबर । १,१८,००० किमी

दुसरं सॅम्पल, ५,६०० किमीला. तेल बदललं.

२९ नोव्हेंबर

लोह २०, अ‍ॅल्युमिनियम ४, क्रोमियम १, सिलिकॉन १५, टीबीएन ७.३. पाणी नाही. हजार किलोमीटरला लोह ३.६. मागे चार होतं. आकडे असे किलोमीटरने भागूनच बघायचे. नाहीतर जास्त चाललेलं तेल उगाच वाईट आणि कमी चाललेलं उगाच चांगलं ठरतं. सिलिकॉन निम्म्याखाली आलं, म्हणजे पेस्टचा अंदाज बरोबर.

ओझरहून (तिथे विमानांचा कारखाना आहे) निवृत्त झालेले शेजारचे काका संध्याकाळी आले होते. वही चाळून हसले. विमानाच्या इंजिनांना ही तपासणी कधीची लागू आहे. तिथे इंजिन बंद झाल्यावर ठराविक मिनिटांच्या आत सॅम्पल घ्यावं लागतं, उशीर झाला तर ते ग्राह्य नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशा प्रयोगशाळा असतात. मुळात हे तंत्र गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनीच त्यांच्या डिझेल इंजिनांसाठी रुजवलं.

मुलीने विचारलं, तेलात विरघळलेलं लोखंड दिसतं कसं. गॅसच्या ज्योतीत मिठाची चिमूट टाकून दाखवली. ज्योत पिवळी झाली, ते सोडियम. लॅबमध्ये ज्योतीऐवजी आरगॉन वायूचा प्लाझ्मा असतो, काही हजार अंशांचा. त्यात पातळ केलेलं तेल फवारतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश टाकतं. तो मोजायचा. 'विरघळलेलं' हा शब्द मात्र चुकीचा, ते तिला सांगायचं राहिलं. ते बारीक कण असतात. आणि याच यंत्राची मर्यादाही तीच: पाच-आठ मायक्रॉनपेक्षा मोठा कण प्लाझ्मात नीट जळत नाही, म्हणून मोजलाही जात नाही. बेअरिंगचा मोठा तुकडा पडला तर रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो.

अण्णांनी हे ऐकलं आणि माळ्यावरून जुन्या स्पीकरचं चुंबक काढून आणलं. दर वेळी काढलेलं तेल चुंबकावरून सोडायचं. "मोठ्या कणांचं खातं माझ्याकडे."

१९ जानेवारी २०२५

मामाच्या द्राक्षबागेचा सीझन सुरू. मोहाडीजवळ सहा एकर थॉम्पसन. मामाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे यंदा तोडणीपर्यंत अण्णा रोज जाणार. जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर, त्यातले शेवटचे तीन बांधाबांधाने, मातीचे. समोर ट्रॅक्टर असला तर काच वर घेऊनही दातात कचकच.

२ मार्च

अण्णांच्या अक्षरात: एअर फिल्टर साफ केला.

९ मार्च

अण्णा: एअर फिल्टर साफ केला.

१६ मार्च

अण्णा: एअर फिल्टर साफ. बॉक्सची क्लिप तुटली. तार.

(ही ओळ मी त्या दिवशी वाचली होती. वाचून पुढे गेलो.)

६ एप्रिल । १,२३,१०० किमी

तिसरं सॅम्पल, ५,१०० किमीला. तेल बदललं. चुंबकावर राखाडी पेस्ट, नेहमीपेक्षा थोडी जास्त असं अण्णा म्हणाले. बोटांनी दाबून चकचक आहे का पाहिली, नाही.

१५ एप्रिल

लोह ५२. अ‍ॅल्युमिनियम १४. क्रोमियम ४. सिलिकॉन ३७. तांबं ७, शिसं ३. विस्कॉसिटी १३.९, टीबीएन ७.५, सोडियम नेहमीचं.

हजार किलोमीटरला लोह १०.२. मागच्याच्या जवळजवळ तिप्पट.

गंमत बघा. पहिल्या रिपोर्टात सिलिकॉन ३४ होतं, आता ३७ आहे. नुसता तो आकडा पाहिला तर फरक काहीच नाही. पण तेव्हा सिलिकॉन एकटं आलं होतं. आता सोबत अ‍ॅल्युमिनियम आहे, साधारण अडीचास एक. मातीचा जोड असाच असतो. लोह सिलिंडरच्या भिंतीचं, क्रोमियम रिंगचं. बेअरिंगचं तांबं-शिसं जागेवर आहे. म्हणजे त्रास वरच्या बाजूला, हवेच्या वाटेने. तेल स्वतः अगदी ठणठणीत, टीबीएन मागच्यापेक्षाही बरा. अण्णांच्या बोटांना यात काही लागणार नव्हतं, आणि माझ्याही.

संध्याकाळी कंपनीतून आल्यावर बॉनेट उघडलं. फिल्टर बॉक्सचं झाकण एका बाजूने बारीक जीआय तारेने बांधलेलं. तार ओळखीची होती, बागेतल्या मांडवाची. पीळ सुंदर दिलेला, एसटीतला. पण तारेने झाकण कोपऱ्यात ओढलं जात होतं आणि समोरच्या कडेला नखाएवढी फट पडली होती. झाकण काढलं. फिल्टरच्या रबरी कडेवर त्या फटीच्या जागी धुळीची रेघ, कुंकवाच्या बोटासारखी स्पष्ट. फिल्टरच्या पलीकडे, टर्बोकडे जाणाऱ्या होजमध्ये पांढरं फडकं फिरवलं. तांबूस निघालं.

फिल्टरचा कागद उजेडाला धरला. दोन घड्यांच्या मुळाशी टाचणीएवढी भोकं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा मारली की असं होतं.

अण्णा मागे उभे होते, मला कळलं नव्हतं. मी फडकं खिशात घालायला गेलो तर म्हणाले, "दाखव."

दाखवलं.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे जुन्या गाड्यांना ऑइल बाथ फिल्टर होता. धुतला, नवं तेल घातलं, की नव्यासारखा. जितका स्वच्छ तितकं चांगलं."

कागदाचं उलट असतं. पहिला थोडा थर धुळीचा बसला की तो थरच पुढची बारीक धूळ अडवतो. कागदी फिल्टर वापरात सुधारतो. आणि दर वेळी बॉक्स उघडला की बाहेरची थोडी धूळ आतल्या बाजूला सांडतेच. हे सगळं मला माहीत होतं. तीन ओळी वहीत लिहिलेल्या होत्या आणि मी त्या 'वा, अण्णा लिहायला लागले' म्हणून कौतुकाने वाचल्या. तसं त्यांना सांगितलं. त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही.

टर्बोची होज काढून त्यांनी स्वतः चाकाला बोट लावलं, दांडा वरखाली, मागेपुढे हलवून पाहिला. "खेळ नेहमीचाच. पाती घासलेली नाहीत." हात पुसून आत गेले. जेवताना गप्प.

१६ एप्रिल

नवा फिल्टर, बॉक्सचं नवं झाकण, चारही क्लिपा. होज आतून ओल्या फडक्याने पुसून वाळवून बसवली. कडेला ग्रीसचं बोट फिरवलं, म्हणजे पुन्हा धूळ शिरली तर ग्रीसवर माग दिसेल. ही युक्ती अण्णांची.

२० एप्रिल

जुना ऑइल फिल्टर कापायचा ठरवलं. हेक्सॉ घेतला तर अण्णांनी हात धरला: "ब्लेडचाच कीस आत पडेल, मग त्यालाच इंजिनाचं लोखंड म्हणशील." चाकाचा पाइप कटर आणला. कागद उलगडून व्हाइसमध्ये पिळला, उन्हात पसरला. काळा, बारीक, कुठेही चमक नाही. मोठ्या कणांचं खातं साफ.

तेल पुन्हा लगेच बदलायचं का? नाही. नवं तेल नुकतं, १६ तारखेपर्यंत त्यावर जेमतेम दोनशे किलोमीटर झाले होते. सीझन संपलाय, खरड छाटणी मामाची माणसं बघतील.

२४ ऑगस्ट । १,२८,००० किमी

चौथं सॅम्पल, ४,९०० किमी. श्रावणात त्र्यंबकला दोनदा, एकदा मुंबई. कुंभाच्या कामांनी शहरात जागोजागी रस्ते उकरलेत, चिखल अमाप. चिखल एक बरा, तो फिल्टरमध्ये जात नाही.

५ सप्टेंबर

लोह २४, अ‍ॅल्युमिनियम ६, क्रोमियम १, सिलिकॉन १३. हजारी लोह ४.९. पूर्ण खाली का आलं नाही? तेल काढलं तरी दहा टक्क्यांच्या आसपास जुनं तेल इंजिनात राहतंच, ५२ मधलं पाचेक तिथूनच आलं. ते वजा केलं तर चारच्या खाली. ग्रीसवर माग नाही.

अण्णांना रिपोर्ट वाचून दाखवला. "क्रोमियम?" एवढंच विचारलं. एक म्हटल्यावर मान हलवली. रिंगांची चिंता त्यांनी पाच महिने एकट्याने केली होती, हे तेव्हा कळलं.

१४ डिसेंबर । १,३४,१०० किमी

पाचवं, ६,१०० किमीला. आज अण्णांनी सॅम्पल घेतलं. पहिली धार सोडली, मधली घेतली, झाकण लावून मगच उठले.

२६ डिसेंबर

लोह २२, हजारी ३.६. अ‍ॅल्युमिनियम ४, क्रोमियम १, सिलिकॉन ९, टीबीएन ७.०.

पैशाचा हिशेब एकदाचा लिहून टाकतो. कोऱ्या तेलासकट सहा चाचण्या, ९,९१२ रुपये. या आकड्यांवर तेल दहा हजारांपर्यंत बिनघोर चालवता आलं असतं, तसं केलं असतं तर त्यातले थोडे वसूल झाले असते. केलं नाही, अण्णांच्या जिवाला ते पटत नाही. म्हणजे यात बचत शून्य. कोणी पैसे वाचवायला हे करणार असेल तर त्याने करू नये, वेळेवर तेल बदलावं आणि फिल्टर बॉक्सच्या क्लिपा बघाव्यात. दर तेलाला लॅब आता मीही करणार नाही. वर्षातून दोनदा: बागेच्या सीझनला आणि दसऱ्याच्या आसपास.

११ जानेवारी २०२६

मामाचा फोन, मण्यांत पाणी उतरायला लागलंय. पुढच्या आठवड्यापासून मोहाडी सुरू. मामाचा गुडघा आता बरा आहे, पण अण्णांना जायचंच आहे.

वहीत त्यांनी सीझनचं पान आधीच आखून ठेवलंय. डावीकडे रविवारच्या तारखा, उजवीकडे एकच रकाना: 'फिल्टर उघडला नाही'. खाली सहीला जागा.

या वेळी सीझन संपायची वाट बघायची नाही. २,५०० किमीला डिपस्टिकच्या नळीतून सक्शन पंपाने सॅम्पल. पंप कंपनीतून मिळेल, नळी मात्र नवीन कोरीच हवी. सातपूरला बघायची.